तीन वाट्या बर्फ, एक वाटी मीठ

शाळेत त्यांना सगळे बीकरमामा म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, स्पिरिटचे दिवे भरले, आणि तासाची घंटा झाली की दाराबाहेरच्या स्टुलावर जाऊन बसले. प्रयोग करायचे सरांनी. मामांनी फक्त मांडायचे आणि आवरायचे. निवृत्तीनंतरही हाताची सवय जाईना. घरात कुणी पेला विसळून ठेवला, की मामा तो उजेडात धरून बघत आणि गुपचूप पुन्हा धूत. बायको म्हणे, "अहो, माणसं प्यायलीत त्यातनं, तेजाब नाही!"

त्या उन्हाळ्यात त्यांची लेक घरी आली होती. तिला चौथा महिना लागला होता, जावई जहाजावर, आणि तिच्या पोटात काही म्हणून टिकत नव्हतं. सूप उलटायचं, पाव उलटायचा, नुसतं पाणीसुद्धा उलटायचं. पंधरा दिवसांत पोरीचा चेहरा एवढासा झाला. त्यात भर म्हणून कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज गेली ती गेलीच. पंखे थांबले, फ्रिजमधून पाणी गळायला लागलं आणि चौथ्या मजल्यावरचं त्यांचं घर भट्टीसारखं तापलं.

डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "थंड, गोड, जे टिकेल ते घोट-घोट द्या. पण उद्या संध्याकाळपर्यंत काहीच टिकलं नाही, तर सलाईन लावावं लागेल."

लेकीला सुईचं नाव काढलं तरी कापरं भरायचं. रिक्षातून घरी आल्यावर ती एकदम म्हणाली, "बाबा, मला ना, गारेगार चॉकलेट पाहिजे. बर्फासारखं, पण पिता येईल असं." डॉक्टरीणबाईंना फोन झाला. त्या म्हणाल्या, थोडं चॉकलेट चालेल, दूध तेवढं नीट उकळा.

चालेल खरं, पण आणायचं कुठून? आसपासच्या दुकानांतलं आइस्क्रीम कालच वितळून गेलं होतं. बायको म्हणाली, "विजेशिवाय मिक्सर नाही, मिक्सरशिवाय बर्फ चुरायचा कसा? आणि चुरला तरी बाजारचा बर्फ तिच्या पोटात घालायचा का?"

"पोटात नाही घालायचा," मामा म्हणाले. "बाहेरच ठेवायचा." आणि चपला सरकवून ते गेलेसुद्धा.

अर्ध्या तासाने ते गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी खांद्यावर घेऊन, चार जिने चढून, घामाने निथळत आले. खिशात जाड्या मिठाच्या दोन पुड्या. बायकोला वाटलं, उन्हाने ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

मामांनी दूध उकळलं. चार चमचे कोको थोड्याशा गरम दुधात घोटून घेतला, साखर घातली, चॉकलेटची अर्धी वडी विरघळवली आणि सगळं एकत्र करून पातेलं पाण्यात ठेवून निववलं. मग ते स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओतलं. गॅलरीत बादली ठेवली, मोगरीने बर्फ फोडला आणि वाटीने मोजून घालायला लागले: तीन वाट्या बर्फ, एक वाटी मीठ, पुन्हा तीन वाट्या बर्फ. मधोमध डबा. डबा दोन्ही हातांनी गरगर फिरवायचा, मधूनच उघडून कडेचं खरवडायचं.

पहिला घाणा वीस मिनिटांत जमला. मामांनी मोठ्या ऐटीत चमचा बायकोपुढे धरला. तिने तो तोंडात घातला, डोळे मिटले आणि धावत जाऊन मोरीत थुंकली.

"अहो, हे काय प्यायला केलंय की गुळण्या करायला?"

बर्फ झाकणाच्या वरपर्यंत भरला होता, आणि खारं पाणी झाकणातून आत गेलं होतं. मामांचं तोंड पडलं. एकतीस वर्षांत त्यांनी मांडलेला एकही प्रयोग फसला नव्हता. तेवढ्यात आतून खुदकन हसल्याचा आवाज आला. लेक उशीत तोंड खुपसून हसत होती. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

"पुन्हा करा, बाबा," ती म्हणाली आणि भिंतीला धरत गॅलरीत येऊन बसली.

दुसऱ्या खेपेला बर्फ झाकणापेक्षा चार बोटं खालीच ठेवला. मामा बर्फ-मीठ घालत होते, लेक डबा फिरवत होती. बादलीला बाहेरून पांढरं हिम धरलं. बोट लावलं तर चिकटत होतं.

"एवढं गार होतं मिठाने? कुठे शिकलात हे?"

"दाराबाहेर," मामा म्हणाले. "सर दर वर्षी नववीला हा प्रयोग दाखवायचे. बर्फ मी फोडायचो, मीठ मी मोजायचो. मग आत पाण्याचा बर्फ झाला, की पोरं टाळ्या वाजवायची. स्टुलावर सगळं ऐकू यायचं."

लेकीचा हात जरा मंदावला. "मीही होते त्या वर्गात."

"तिसऱ्या बाकावर."

तिने डब्याच्या झाकणावरचे मिठाचे खडे झटकले. मग म्हणाली, "एका मैत्रिणीने विचारलं होतं, हे मामा तुझे कोण लागतात गं, तुला डबा आणून देतात? मी म्हटलं, आमच्या गल्लीत राहतात." तिने वर पाहिलं. "तुम्ही ऐकलं होतंत ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण मामांना खोटं नीट बोलता येत नसे.

"ऐकलं होतं."

"मग घरी काही बोलला नाहीत."

"काय बोलायचं? गल्लीत राहतोच की."

ती हसली, आणि हसता-हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामा चाचरले. असल्या वेळी काय करतात ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. खांद्यावरच्या फडक्याने त्यांनी आधी स्वतःचे हात पुसले, मग तिचा चेहरा पुसला.

"वाईट वाटलं होतं," ते म्हणाले. "दोन दिवस वाटलं. मग तुला गोवर झाला, आणि ते राहूनच गेलं. फिरव, फिरव, थांबू नकोस. कडेला जमतंय."

आतलं मिश्रण आता जडावलं होतं. बायकोने पेला आणला. तो आधी नीट धुतलेला आहे का, हे मामांनी त्या गडबडीतही पाहून घेतलं. तपकिरी, रवाळ, बर्फाच्या बारीक कणांनी चकाकणारं ते चॉकलेट चमच्याने ओतलं, तसा पेल्यावर लगेच घाम आला.

लेकीने एक घोट घेतला. दुसरा घेतला. उलटी झालीच तर म्हणून बायकोने तसराळं मांडीवर तयार ठेवलं होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाऊण तास झाला.

"अजून आहे?" लेकीने विचारलं.

बायको तसराळं घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सलाईन लागलं नाही. चौथ्या दिवशी वीज आली, तेव्हा दुपारचा घाणा अर्ध्यावर होता. पंखे फिरले, सगळ्या कॉलनीत आरडाओरडा झाला, बायकोने लगबगीने मिक्सर काढून ओट्यावर ठेवला. पण गॅलरीतली दोघं जागची हलली नाहीत. डबा नेमका घट्ट होण्याच्या बेतात होता.

उलट्या पुढे तीन आठवड्यांनी थांबल्या. वजन वाढायला लागलं. तोवर मामा रोज सकाळी गोणपाट घेऊन बर्फवाल्याकडे जात. एक दिवस त्याने न राहवून विचारलं, "काका, मासे विकता का तुम्ही?"

"नाही हो," मामा म्हणाले. "लेक आहे घरी."

बर्फवाल्याला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्याने मान डोलावली, आणि लादी कापताना पटाशी चार बोटं पुढे सरकवून तुकडा तेवढा मोठा दिला.