सुईत दोरा नव्हता

"ऊठ जरा, दोन मिनिटं," मॅडम म्हणाल्या.

मी मशीनवरून उठले. फोटोवाला आला होता. शर्टाच्या टॅगवरचा कोड मोबाइलने स्कॅन केला की शिवणाऱ्या बाईचा फोटो दिसणार होता. आमची कंपनी काही लपवत नाही, हे परदेशातल्या गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. कॉलर मी शिवायची. फोटो अक्काचाच, म्हणजे माझाच निघणार, असं आठ दिवस लाईनीतल्या बायका म्हणत होत्या. मी नवी टिकली लावून आले होते.

आणि माझ्या जागेवर बसायला मॅडम निघाल्या. आधी माझं स्टूल ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. एप्रन लागेल म्हणून मी अंगातला काढून पुढे केला.

"इदु वेण्डाम, पुदुसु कोण्डु वा," त्या स्टोअरवाल्याला म्हणाल्या. हा नको, नवा आण.

मग स्वतःची पर्स माझ्या हातात दिली. "धर."

पर्स माझ्या हातात चालली. माझा एप्रन त्यांच्या अंगाला चालला नाही.

मॅडम एचआरच्या, राहायला अण्णा नगरला. घरात तंजावरी मराठी. माझे वडील लातूरकडून रेल्वेत सफाईच्या नोकरीवर आले, मी चेन्नईतच वाढले. तांबरमजवळच्या त्या कारखान्यात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. पहिल्या दिवशी त्यांनी किती मायेनं विचारलं होतं, "मराठीच की ग तू? आडनाव काय?" मी सांगितलं. त्यानंतर त्यांची मराठी माझ्याशी फक्त कामापुरती उरली.

भिंतीला टेकून मी बघत होते. जळत होते. अन्यायबिन्याय काही सुचलं नव्हतं, सरळ सांगते. निव्वळ मत्सर. त्यांच्या मऊ हातांचा, सरळ दातांचा. माझ्या मशीनवर त्या माझ्यापेक्षा छान दिसत होत्या, याचा तर फारच.

आमच्या लाईनीची एक सवय आहे. मशीनवरून उठताना आम्ही सुईतला दोरा काढून घेतो. मागून दुसरीनं बसून टीप बिघडवू नये म्हणून. त्या दिवशीही मी काढला होता. मॅडम कॉलरवर बोटं ठेवून हसत होत्या आणि सुईत दोराच नव्हता. मला दिसलं. मी बोलले नाही.

फोटो टॅगवर आला. "हा शर्ट मी शिवला," असं खाली लिहिलेलं. रोज जेवणाच्या सुट्टीत मी तो मोबाइलवर उघडायची. मोठा करून बघायची. डबा तसाच बंद करायची.

काही महिन्यांनी गिऱ्हाईक कंपनीची एक गोरी बाई कारखाना बघायला आली. आमच्या लाईनीला टॉयलेटला जायचं एकच टोकन, त्यावर इंग्रजीत 'टॉयलेट' छापलेलं. ते परत येईपर्यंत दुसरीनं उठायचं नाही. पाहुणे येणार असले की सुपरवायझर ते ड्रॉवरमध्ये टाकतो. त्या दिवशी त्याच्या लक्षात राहिलं नाही. टोकन माझ्या खिशात होतं.

बाई स्वतः शिवण जाणणारी असावी. तिनं टॅबवर तो फोटो मोठा केला आणि सुईवर बोट ठेवलं. मॅडमचा चेहरा उतरला. त्या माझ्याजवळ आल्या. पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"फोटोच्या वेळी दोरा तुटला म्हणून सांग. पुढच्या टॅगवरी तुझाच फोटो."

माझा फोटो. मला हवा होता. खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं.

बाईनं मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्यातलं 'हॅपी' तेवढं कळलं. मॅडमनी ते मला मराठीत सांगायचं होतं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं, "व्हेरी हॅपी."

स्टूल घेतलं होतं. आता जीभही घेतली. आणि उद्या माझा फोटो आलाच असता, तरी त्याखाली बोलणार याच.

मी उठले. सुईतला दोरा काढला, रिळापर्यंत सगळा ओढून घेतला. ओढणीनं स्टूल पुसलं.

"मॅडम, बसा. ओवा."

त्या मशीनचा दोरा रिळापासून सुईपर्यंत कितीतरी खाचांतून वळवून आणावा लागतो. मॅडम टोक धरून नुसत्या उभ्या. आजूबाजूची मशीनं थांबली.

"काय करूंलालीस ग?" त्या आपल्या तंजावरीत पुटपुटल्या.

मी त्यांच्या हातातून दोरा घेतला. बसले. ओवला. कॉलरला टीप मारली. मग खिशातलं टोकन काढून त्या कॉलरवर ठेवलं आणि सगळ्या लाईनीकडे हात केला.

"ओन्ली वन," मी म्हणाले.

बाई टोकनाकडे बघत राहिली. मॅडमनी त्याचं इंग्रजी केलं नाही. करायची गरजही नव्हती.

मॅडमचा फोटो टॅगवरून गेला. माझा आला नाही. मला कॉलरवरून काढून धागे कापायला बसवलंय. ते नवशिक्यांचं काम. टोकन अजून एकच आहे. माझ्या मशीनवर आता दुसरी बसते, आणि तिला बघूनही मी जळते. जळणं काही गेलेलं नाही. ते जाऊ द्यायचंही नाही. त्यानंच फोटोच्या दिवशी माझं तोंड बंद ठेवलं होतं, आता त्यालाच बोलायला लावणार आहे.

घरी इंग्रजी शिकतेय. अवघड आहे, पण चार वाक्यं पाठ झालीत. पुढची पाहुणी आली की कात्री खाली ठेवून मी उभी राहणार. फोटो मागणार नाही. माझं उत्तर मी देणार, आणि मॅडमच्या आधी देणार.