मालिकेतल्या मुलाला घरी आणलं

मेट्रोच्या खोदकामात आमच्या इमारतीची केबल तुटली आणि बरेच दिवस ती जोडायला कुणी फिरकलं नाही. कांजूरमार्गला राहून असल्या गोष्टींची सवय होते. आमच्या गॅलरीत मात्र डिशची छत्री होती, त्यामुळे संध्याकाळची मालिका बघायला शेजारी आमच्याकडे यायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणच्या आजी आणि त्यांची सून, बँकेतून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे एक शेजारी, आणि तळमजल्यावरच्या वहिनी.

वहिनी एकट्या राहतात. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा बऱ्याच वर्षांपूर्वी स्टेशनबाहेरच्या भांडणात सुरा लागून गेला. भांडण त्याचं नव्हतं, तो सोडवायला गेला होता.

मालिकेतही नेमकं तेच आलं. नायिकेच्या धाकट्या भावाला कॉलेजच्या फाटकाबाहेर कुणीतरी भोसकलं. भोसकणं एका भागात आटोपलं, अंत्ययात्रेला आठवडा लागला. माझी बायको वहिनींना म्हणाली होती, "थोडे दिवस नका येऊ बघायला." वहिनी म्हणाल्या, "मग घरी बसून काय भिंत बघू?"

मुलाला घरी आणलं तो सोमवार होता. शववाहिनी मालिकेतल्या बंगल्यासमोर उभी राहिली आणि नायिका जिना उतरू लागली.

"आता ही पडणार," आजींची सून म्हणाली. ती पडली. तीन कोनांतून पडताना दाखवली.

"एवडी फुलां खंयसून हाडली गो?" आजींनी विचारलं.

"आई, शूटिंगची असतात ती."

"तां खरां. पण पोर बघ कसो निजलो हा." आजींनी पदराने नाक पुसलं.

बँकवाल्यांचं लक्ष तिरडीकडे होतं. "ही उचलली की मधोमध वाकणार. सुतळी अशी गुंडाळतात होय? आणि मडकं कुठाय?" आमच्या इमारतीतल्या सगळ्या तिरड्या त्यांनीच बांधलेल्या, त्यामुळे त्यांना कुणी गप्प बसवलं नाही.

मध्येच सगळ्यांचे मोबाइल वाजत होते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रडक्या चेहऱ्यांची रांग लागली होती. आसपासच्या ज्यांच्याकडे दिसत होती, ते सगळे मालिका बघत होते. एकाने लिहिलं, मुलाला परत आणा नाहीतर आम्ही बघणं बंद करू. एकीने लिहिलं, प्रत्येक आईने आज आपल्या मुलाची बॅग तपासावी. त्याच्याखाली कुणीतरी उद्या पाणी उशिरा येणार असल्याचं कळवलं होतं.

मग मालिकेतल्या आईने मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ती काही बोलली नाही, आणि त्या आठवड्यात तेवढंच एक चांगलं केलं होतं. माझी बायको रडली, सून रडली. बँकवाल्यांनी चष्मा काढून पुसला. मग जाहिरात लागली, मसाल्याची.

वहिनी रडल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हे मात्र खोटं दाखवतात."

"काय हो?"

"पोलीस केस असली की घरी आणू देत नाहीत. रुग्णालयातून थेट स्मशानात. आमच्या वेळी भावोजींनी त्या हवालदाराची किती मनधरणी केली. पण नियम म्हणजे नियम. हो ना, भावोजी?"

"हो," मी म्हणालो.

तो "हो" खोटा होता. खरं काय झालं ते लिहितो.

तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सकाळी पालिकेच्या रुग्णालयात मीच गेलो, ओळख मीच पटवली, कागदांवर सह्या मीच केल्या. शवविच्छेदन झाल्यावर हवालदार म्हणाला, "घेऊन जा. घरी नेणार असाल तर जास्त वेळ ठेवू नका, एवढंच." दुसरं काही म्हणाला नाही.

त्या संध्याकाळी आमच्या मुलीचा साखरपुडा होता. इमारतीच्या आवारातच मांडव घातला होता. मुलाकडची मंडळी बोरिवलीहून यायची होती. मांडवातून तिरडी निघाली असती तर साखरपुडा पुढे गेला असता, आणि पुढे गेलेला साखरपुडा कधीकधी होतच नाही. मुलीचं आधी एकदा ठरून मोडलं होतं. हे सगळं मी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर उभा राहून मनात मांडलं. फार वेळ लागला नाही.

मग घरी फोन करून सांगितलं की पोलीस घरी नेऊ देत नाहीत. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. आता काहीजणी जातात, तेव्हा आमच्या इमारतीतली कुणी गेलेली नव्हती. म्हणजे वहिनींना मुलगा दिसणार नव्हता, हे मला फोन करतानाच माहीत होतं. त्यांनी फोनवर विचारलं, "मी तिकडे रुग्णालयात येऊ?" मी म्हणालो, "नका येऊ, बघवणार नाही." त्या आल्या नाहीत.

एक गोष्ट राहिली. मांडवाला दिव्यांच्या माळा वहिनींच्या मुलानेच आदल्या संध्याकाळी लावल्या होत्या, शिडीवर चढून. मी फक्त बटण दाबलं. साखरपुडा झाला. पाहुण्यांना मी काही कळू दिलं नाही.

मंगळवारी दुपारी मी तळमजल्यावर गेलो. वहिनी ताटात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या.

"वहिनी, काल मी हो म्हणालो ते खरं नव्हतं. पोलिसांनी अडवलं नव्हतं. मीच अडवलं."

त्या खडे बाजूला काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "साखरपुड्यासाठी?"

"हो."

"माळा लागल्या होत्या त्या संध्याकाळी. खिडकीतून दिसत होत्या. मला वाटलं, मंडळी बोलावून बसलेत, आता काय करतील बिचारे."

त्यांनी ताट हलवून तांदूळ पसरले.

"चेहऱ्याला किती लागलं होतं?"

"काहीच नाही."

"बघवणार नाही म्हणाला होतात."

"तेही खोटं. घाव पोटात होता. चेहरा नेहमीसारखा होता. केस नुकतेच कापलेले. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक रेघ होती."

"तुमच्याकडच्या कार्यक्रमासाठीच कापले होते केस," त्या म्हणाल्या. "डोळे?"

"मिटलेले."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. मला बसायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी उभाच होतो. त्या म्हणाल्या, "काल मी तुमच्या घरात सगळ्यांसमोर नियम सांगत बसले होते. इतकी वर्षं हेच सांगत आलेय. गावच्या माणसांना, माझ्या बहिणीला. तुमच्याबद्दल चांगलं बोलत आलेय. आता तुम्ही सांगा. त्याच माणसांसमोर."

"आज सांगतो."

"आज नको. आज मी येणार नाही. मी असेन तेव्हा सांगा."

त्या गुरुवारी आल्या आणि नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. मालिकेत त्या दिवशी अग्नी द्यायचा होता. वडिलांचा हात थरथरत होता, तो बराच वेळ दाखवला आणि जाहिराती लागल्या.

"भावोजींना काहीतरी सांगायचंय," वहिनी म्हणाल्या.

मी रिमोटने आवाज बंद केला आणि सांगितलं. वर लिहिलंय तेवढंच, याच क्रमाने. पडद्यावर कुणीतरी मूकपणे गाडी विकत होतं.

बँकवाले आधी बोलले. "तिरडी मी तिथेच, रुग्णालयाच्या आवारात बांधली. तेव्हा हवालदार मला विचारत होता, घरी नाही नेणार का म्हणून. मला वाटलं, वहिनींनीच नको म्हटलं असेल. मी विचारलं नाही कुणाला."

"मलाही माहीत होतं," माझी बायको म्हणाली. ती म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. "पाहुणे गेल्यावर ह्यांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, आता बोलून काय होणार."

सून मोबाइल हातात धरून खाली बघत होती. आजी म्हणाल्या, "जांव दे गो बाय. झाला तां झाला. आता कित्याक ह्यां?"

"आता कित्याक म्हणजे?" वहिनी म्हणाल्या. "मला आत्ताच कळलंय आजी. माझ्यासाठी हे परवा झालंय."

कुणी रडलं नाही. सोमवारी ज्यांनी डोळे पुसले तीच माणसं त्याच खोलीत बसली होती. मला त्यात त्यांची चूक दिसत नाही. मालिकेतल्या मुलाला त्यांनी शाळेत असल्यापासून रोज संध्याकाळी पाहिलं होतं, आणि या मुलाला शेवटचं बघायची सोय मी ठेवली नव्हती.

"आवाज वाढवा," वहिनी म्हणाल्या. "सुरू झालं."

त्यांनी भाग शेवटपर्यंत पाहिला. उठताना सुनेला विचारलं, "उद्या काय आहे गं?"

"उद्या सगळी परत घरी येतात, काकू."

मुलीला मी त्याच शनिवारी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, त्याने माळा लावताना मला विचारलं होतं, पिवळ्या लावू की रंगीत. मी रंगीत म्हटलं होतं." एवढं बोलून तिने फोन ठेवला. पुढच्या रविवारी ती आली ती आधी तळमजल्यावर गेली. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही.

केबल आता जोडली आहे. वहिनी हल्ली मालिका बघायला तिसऱ्या मजल्यावर जातात. आमच्या दारावरूनच जिना जातो. त्यांच्या चपलांचा आवाज आला की मला कळतं, मालिकेची वेळ झाली.