‘ध्रुवयान’वाल्यांशी आमची भांडणं

किस्से पंख्यावरच्या धुळीसारखे असतात. साचताना कुणाला दिसत नाहीत. एक दिवस कोणीतरी बटण दाबतं आणि सगळे एकदम अंगावर! परवा घाटकोपरला वैद्य मॅडमच्या घरी आम्ही तिघं जमलो आणि तसंच झालं.

‘ध्रुवयान’ ही अंतराळातली मालिका. ती गाजली तशी कंपनीने तिच्यातल्या पात्रांवर कादंबऱ्या काढायला घेतल्या. त्या लिहिणारे आम्ही: कॉलेजातून रिटायर झालेल्या वैद्य मॅडम, दिंडोशीचा संजय आणि मुलुंडची मी, मेघना. पात्रं कंपनीची, यान कंपनीचं, मान मोडून लिहिणं आमचं!

*

पहिल्या मीटिंगला अंधेरीच्या ऑफिसात ब्रँड हेड कार्तिक भेटला. वय तिशीचं, आवाज पन्नाशीचा. म्हणाला, “इमॅजिनेशनचं टेन्शन घेऊ नका. ते आम्ही ऑलरेडी केलंय. तुम्ही फक्त लिहायचं.”

संजयने शांतपणे पेनाला टोपण लावलं. “मग टायपिस्ट बोलवा ना, यार! आम्ही चहा पिऊन निघतो.”

चहा आला. मागोमाग काम पण आलं.

*

कंपनीचे नियम भारी होते. कॅप्टनने रडायचं नाही. कॅप्टनने चुकायचं नाही. आणि यानात कुणी जेवायचं नाही, कारण मालिकेत स्वयंपाकघराचा सेटच नव्हता!

मॅडमनी पहिल्याच प्रकरणात यानात स्वयंपाकघर घातलं. लगेच कार्तिकचा फोन. “मॅडम, आपल्याकडे स्क्रीनवर कुणी जेवत नाही.”

“तुमच्याकडे स्क्रीनवर कुणी आंघोळ पण करत नाही. मग काय सगळ्यांना पारोसं समजू?”

स्वयंपाकघर राहिलं.

*

एकदा परग्रहावरच्या राजासाठी नवी भाषा हवी होती. अट एकच, माणसाने कधी ऐकलेली नसावी. संजयचं घर मूळचं मालवणचं. त्याने राजाला सरळ मालवणीत बोलतं केलं, फक्त सगळे शब्द एकमेकांना चिकटवून टाकले. ‘खयगेल्लंसरेमेल्या!’

कार्तिक खूश. “एकदम एलियन! सुचतं कुठून रे तुला?”

“रक्तातच आहे,” संजय म्हणाला.

पुस्तक आलं. त्याच्या आईने ते पान मोठ्याने वाचलं आणि ओरडली, “मेल्या, ह्यो तर तुझो मामा बोलता!”

*

माझे काका वकील. प्रत्येक गणपतीत सगळ्यांसमोर विचारायचे, “अजून दुसऱ्यांच्या पात्रांवरच लिहितेस? स्वतःचं कधी लिहिणार?”

एका वर्षी मी ऐकून नाही घेतलं. “काका, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची भांडणं लढलात. स्वतःचं कधी लढणार?”

काका काही बोलायच्या आत आतून काकूचा आवाज आला. “रोज लढतात गं! हरतात!”

*

आता मंगलचं सांगते.

मंगल म्हणजे ध्रुवयानवरची मेकॅनिक. मोडलेलं यान सोडून सगळे पळतात, तेव्हा मागे थांबून ते दुरुस्त करणारी. लोकांची फार लाडकी. ती भूमिका करणाऱ्या बाईला बाळ झालं. तिने कंपनीकडे एवढंच मागितलं की, माझं शूटिंग संध्याकाळी संपवा. कंपनीने मंगललाच संपवलं! आणि इकडे मॅडम मंगलवर अख्खी कादंबरी लिहून बसलेल्या.

कार्तिकचा निरोप आला. सगळीकडे मंगलचा मोहन करा, कॉम्प्युटरवर एका क्लिकचं काम आहे.

संजयने खरंच क्लिक केलं आणि मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. यानातल्या लग्नात भटजी मोहनाष्टकं म्हणत होते आणि पाहुणे ‘शुभमोहन सावधान’ म्हणून अक्षता टाकत होते! “बोला, ह्याचं काय करू?”

कार्तिक हसला नाही. “मंगल आमची प्रॉपर्टी आहे. नाव आमचं, यान आमचं, युनिफॉर्म आमचा. हे सगळं काढून जे उरेल ते घेऊन जा घरी!”

मॅडमची वर्षभराची मेहनत होती ती. मॅडम मात्र चष्मा पुसत होत्या. “हेच जरा मेल करतोस का, बाळा?”

त्याने रागारागात तिथल्या तिथे केला. आम्ही तिघांनीही त्याच दिवशी काम सोडलं.

मॅडमनी घरी जाऊन नाव काढलं, यान काढलं, युनिफॉर्म काढला. उरली एक बाई. सगळे हात झटकून निघून गेल्यावर मागे थांबणारी. मॅडमनी तिला गोवंडीत आणलं, हातात पाना दिला आणि उंच बिल्डिंगांच्या बंद लिफ्ट दुरुस्त करायला लावलं. एका छोट्या प्रकाशकाने पुस्तक काढलं, आणि ते झकास चाललं! मंगल करणारी ती अभिनेत्री प्रकाशनाला बाळाला कडेवर घेऊन आली होती. पहिलं पान उभ्यानेच वाचलं आणि मॅडमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

परवा आम्ही मॅडमकडे बसलो असताना फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

“मॅडम, कार्तिक बोलतोय. झालं गेलं विसरा. तुमच्या त्या लिफ्टवाल्या कादंबरीवर आम्हाला सिरीज करायचीय. अटी सांगा.”

“नायिकेचं काम आधी मंगल करणारी बाईच करेल. तिचं शूटिंग संध्याकाळी संपेल. आणि नायिकेचं नाव बदलायचं नाही.”

“डन! सगळं डन!” कार्तिक म्हणाला. “नाव काय आहे तिचं?”

“कार्तिकी.”