देवकाबाईनं लावलेलं वय

आमच्या गावात माणूस कधी जन्मला हे त्याच्या आईला विचारत नसत, देवकाबाईला विचारत. आई त्या वेळी कामात असते, तिला कुठलं आलंय पंचांग, असं देवकाबाईचं म्हणणं. साकोलीपासून आठ मैलांवरचं दीडशे उंबऱ्यांचं गाव; तिथं तीस-पस्तीस वर्षांत जन्मलेलं प्रत्येक पोर तिच्या हातावर उतरलं होतं. मीही त्यातलाच. पुढे मी साकोलीच्या वाचनालयाचा चिटणीस झालो, वर्तमानपत्रांत माझी दोन-चार पत्रं छापून आली, पण बाजाराच्या दिवशी ती भेटली की चारचौघांत सांगायची, "हा पायाळू. उलटा आला, अजून बी उलटंच बोलते."

बुटकी, काटक, ओच्याला तंबाखूची डबी. सरकारनं अठ्ठ्याहत्तर साली दायांना तीन आठवड्यांचं शिक्षण दिलं, तेव्हा तिलाही ॲल्युमिनियमची पेटी मिळाली. कात्री उकळून घ्यायची हे तिनं मनावर घेतलं आणि मरेपर्यंत पाळलं. पेटीत मात्र सुपाऱ्या ठेवल्या. नर्सबाई तपासायला येणार अशी कुणकुण लागली की सुपाऱ्या शेजारणीकडे मुक्कामाला जायच्या.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वय लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तलावाची पाळ फुटली ते साल, वाघानं पाटलाची म्हैस नेली ते साल, धानाची रोवणी दोनदा करावी लागली ते साल, अशी तिची मोजणी. ती चुकत नसे. पण खरं वय डोक्यात आणि कामाचं वय तोंडात, अशी तिनं सोय करून ठेवली होती. पोरीला बघायला पाहुणे आले आणि त्यांनी वय विचारलं, की ती आधी पोरीच्या बापाच्या तोंडाकडे बघायची आणि मग सांगायची. कोणी त्याला खोटं म्हणत नसे. गावातली निम्मी लग्नं तिनं लावलेल्या वयावर उभी होती, ती मोडून कोणाचं भलं होणार होतं?

शाळेतही तिचंच चाले. जन्माचा दाखला हा प्रकार आमच्याकडे कोणी पाहिलेला नव्हता. दादाजी गुरुजी पहिलीत पोर घेताना त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. बोटं कानाला पोचली तर सहा वर्षं पूर्ण, नाही पोचली तर पुढच्या वर्षी या. आणि पोचली की वहीत जन्मतारीख पडे एक जुलै, सगळ्यांची. आमच्या वर्गात एक जुलैला कोणी कोणाला शुभेच्छा द्यायच्या हाच प्रश्न होता.

सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये देवकाबाईनं मंदाबाईच्या डोमाला शाळेत नेलं. डोमा साडेचार वर्षांचा. बाप नव्हता, मंदाबाई रोजानं रोवणीला जायची आणि बांधावर बसवलेलं पोर दोनदा चिखलात रुतलं होतं. शाळेत भिंती होत्या आणि दुपारी सुकडीही मिळत होती. डोमाचे हात जन्मापासून लांब, पण एवढेही नाहीत. देवकाबाईनं त्याला आदल्या दिवशी अंगणात दहा वेळा शिकवलं, मान जराशी कलवायची, खांदा उचलायचा आणि हात झटक्यात टाकायचा. दुसऱ्या दिवशी डोमानं कान असा पकडला की ओरडलाच. गुरुजींचा पट एकोणचाळीस होता आणि चाळीसावं पोर आलं की दुसरा मास्तर मिळणार होता. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि लिहिलं, जन्म एक जुलै एकोणीसशे एकाहत्तर.

त्यानंतर दहा वर्षं या तारखेनं कोणाचं काही बिघडवलं नाही.

मग आमच्या बाजूच्या जंगलात दलमवाले, म्हणजे बंदुका घेतलेले नक्षलवादी, यायला लागले. गावाबाहेर बसून गाणी म्हणायचे. डोमा त्यांच्या मागं डफ वाजवायला गेला आणि परत आला नाही. सत्त्याऐंशीच्या पोळ्याच्या सुमारास त्यांनी बांबूचा डेपो जाळला. तिथला चौकीदार तुलाराम आमच्याच गावचा. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, बोटं आखडली ती आखडलीच. दिवाळीच्या तोंडावर डोमा पकडला गेला. खांद्यावरची बंदूक त्याच्यापेक्षा उंच होती म्हणे. रॉकेलचा डबा मीच नेला होता, असं त्यानं आपण होऊन सांगितलं.

आता सगळं एका आकड्यावर आलं. सोळाच्या आत असेल तर मुलांच्या न्यायालयात आणि सुधारगृहात. सोळा झाले असतील तर दहशतवादाच्या नव्या कायद्याखाली मोठ्यांच्या तुरुंगात, आणि तिथून तो कोणत्या वयात बाहेर येईल हे देवकाबाईलाही लावता आलं नसतं. शाळेच्या वहीप्रमाणे त्याला सतरावं चालू होतं. डॉक्टरांनी हाडांचा फोटो काढून लिहिलं, पंधरा ते सतरा. डॉक्टर एवढा शिकलेला, पण दोन वर्षांचा पसारा मांडून मोकळा झाला.

साकोलीत दुसरा विषय नव्हता. बसथांब्यावर, न्हाव्याकडे, तहसीलच्या व्हरांड्यात, जो तो न्यायाधीश. मीही काही कमी नव्हतो. वाचनालयातर्फे जाहीर परिसंवाद ठेवला, 'बंदूक उचललेलं मूल : गुन्हेगार की बालक?' रविवारी दुपारी चारची वेळ, शाळेच्या पटांगणात मांडव. तीनपासूनच माणसं येऊ लागली, बैलबंड्या सुटल्या, बाया पोरांसकट पुढे बसल्या, चारशे तरी डोकी असतील. साकोलीकरांची वैचारिक भूक पाहून माझा ऊर भरून आला. अर्ध्या तासानं एका म्हाताऱ्यानं विचारलं, "नाटक कवा सुरू होते जी?" दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस, मांडव आणि स्टेज दिसलं की आमच्या झाडीपट्टीत नाटकच असतं. मी काही कोणाला सांगत बसलो नाही.

नागपूरहून आलेले प्राध्यापक 'बालमन' हा शब्द अकरा वेळा म्हणाले, मी मोजला. मग राइस मिलवाले भैय्यालाल शेठ उठले. "गोळी वय इचारून लागत नाही," ते म्हणाले. "आग लावली तेव्हा तो लेकरू नव्हता, अन् पकडला तर लेकरू? शाळेचा दाखला हाय. सरकारी कागद हाय. सतरावं लागलं म्हणजे लागलं." टाळ्या पडल्या. पुरुषांच्या बाजूला तुलाराम हाताला दुपट्टा गुंडाळून बसला होता, त्याच्याकडे बघून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. त्याची बायको रत्नाबाई बायांमध्ये होती, तिनं मान वर केली नाही.

तेवढ्यात देवकाबाई स्टेजवर चढली. मी अडवायला गेलो.

"तू बस," ती म्हणाली. "तुले मी आणलं जगात, मले तू खाली उतरवतेस काय?"

चारशे माणसं हसली. मी बसलो.

"शेठजी, तो कागद खोटा हाय," ती म्हणाली. "मी खोटी बोलली होती. पोट्ट्याले साडेचार वर्ष झाले होते, मी सहा सांगतले."

"आता काहीबी बोलशील, बाई," शेठ म्हणाले. "वय असं वाढते काय कोणाचं?"

"वाढते जी. कमी बी होते. तुमच्या दुसऱ्या लग्नात तुमचं मीच सात वर्षांनी कमी केलं होतं. खरं किती होतं, सांगू का?"

भैय्यालाल शेठना एकाएकी पाणी हवंसं झालं. देवकाबाईनं पुढच्या रांगेतून त्यांचाच धाकटा उचलून वर घेतला. पोरगा साडेचार वर्षांचा, तोंडात बत्तासा. तिनं त्याचा हात डोक्यावरून नेला, बोटं कानापासून दोन बोटं अलीकडे थांबली. मग मान जराशी कलवली, खांद्याला खालून ढुशी दिली, आणि पोरानं कान पकडून सभेकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"घ्या," ती म्हणाली. "झाला सहा वर्षांचा. उद्या शाळेत घाला, अन् जरा जपा. दहा वर्षांनी सरकार याले फाशी देते की खाऊ देते, हे याच कानावर ठरन."

पुढचं दृश्य मी जन्मात विसरणार नाही. खात्री करून घ्यायला म्हणून मांडवातली मोठमोठी माणसं आपापल्या डोक्यावरून हात नेऊ लागली. तलाठी, कंडक्टर, सोसायटीचे अध्यक्ष, नागपूरचे प्राध्यापक, सगळे माना कलवून कान चाचपत होते. ज्याला त्याला आपल्या नोकरीच्या कागदावरची जन्मतारीख आठवत असावी. दादाजी गुरुजी पहिल्या रांगेत होते. ते उठून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "मान कलली होती. मी पाहिली होती." आणि खाली बसले. निवृत्त माणसानं चारशे लोकांत असं बोलायला काय लागतं ते मला कळत होतं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

भंडाऱ्याहून आलेले ताराचंद वकील डोमाचं काम बघत होते. त्यांनी चष्मा पुसला. "देवकाबाई, कोर्टात ते विचारतील, तेव्हा खोटं बोललात तर आता खरं कशावरून? मास्तरांनाही म्हणतील, वहीत एक लिहिलं आणि तोंडानं दुसरं बोलता. डोमा कधी जन्मला हे डोळ्यांनी पाहिलेलं दुसरं कोणी आहे?"

"बहात्तरचा दुष्काळ होता," देवकाबाई म्हणाली. "तलाव कोरडा पडला होता अन् सरकारनं गाळ काढायचं काम काढलं होतं. मंदाच्या पोटात तिथंच कळा सुरू झाल्या. तलावाच्या मधातच काढला मी त्याले. एका बाईनं लुगड्याचा आडोसा धरला होता." एवढं बोलून ती थांबली. तिनं कोणाचं नाव घेतलं नाही, कोणाकडे पाहिलंही नाही.

बायांच्या रांगेतून रत्नाबाई उठली, पदर नीट केला आणि पटांगणातून चालती झाली. तुलारामही तिच्यामागं गेला. परिसंवाद तिथंच संपला. काही लोक नाटकासाठी आणखी तासभर बसून राहिले.

पुढे तीन आठवडे देवकाबाई रोज रत्नाबाईच्या घरी जात होती. धानाची मळणी चालू होती आणि तुलारामचा एकच हात चालत होता. ही जायची, पाखडायला बसायची, सूप ठेवायची आणि घरी यायची. विषय काढायची नाही. मला राहवेना. "माय, तू तिले सरळ काहून नाही इचारत?"

"इचारलं तर ती नाही म्हणन," ती म्हणाली. "अन् एकदा नाही म्हटलं की मंग ते तिच्या जिवाले जन्मभर लागून राहीन. तिच्या घरचं जळलं हाय, बाबू. तिनं काहून यावं?"

मला खरं सांगायचं तर राग आला होता, रत्नाबाईचाही आणि देवकाबाईचाही. पोराचं आयुष्य चाललंय आणि या दोघी धान पाखडताहेत. पण मी पायाळू, माझं कोण ऐकतं.

तारखेच्या दिवशी सकाळी आम्ही एसटीची वाट पाहत होतो. देवकाबाई, मंदाबाई, गुरुजी आणि मी. बस लागली, आम्ही चढलो. आणि मागून रत्नाबाई चढली. पुढे कंडक्टरजवळ जाऊन बसली. मंदाबाईनं पदर तोंडात धरला तो भंडाऱ्यापर्यंत सोडला नाही.

कोर्टात डोमाला मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. ओठावर नुसती काळी सावली, अंगात कोणाचा तरी मोठा सदरा. देवकाबाईला सरकारी वकिलांनी खूप छळलं. आजवर किती वयं खोटी लावली, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "साहेब, मोजू नोका. तुमच्या हाताखालचे दोघं माझेच हायेत." न्यायाधीशांनी वही तोंडापुढे धरली. ते हसत होते असं माझं मत आहे.

मग रत्नाबाई उभी राहिली. बहात्तरची गोष्ट तिनं चार वाक्यांत सांगितली. कोरडा तलाव, गाळाचं काम, लुगड्याचा आडोसा, मुलगा झाला. सरकारी वकिलांनी विचारलं, "ज्यानं तुमच्या नवऱ्याचा हात जाळला, त्याच्यासाठी तुम्ही साक्ष द्यायला आलात?"

"मी त्याच्यासाठी नाही आली जी," ती म्हणाली. "मी तिथं होती, म्हणून आली."

दुपारी न्यायाधीशांनी नोंद केली की आरोपी सोळा वर्षांच्या आतला आहे. डोमाला दुसऱ्या दारानं नेलं. मंदाबाई भिंतीला धरून खाली बसली आणि मोठ्यानं रडली. माझेही डोळे भरून आले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

परतीच्या बसमध्ये देवकाबाई मुद्दाम रत्नाबाईच्या शेजारी जाऊन बसली. लाखनी मागं पडली. देवकाबाईनं डबी काढली, चिमूटभर तंबाखू तिच्यापुढे धरली. रत्नाबाईनं घेतली नाही.

"मी त्याले माफ नाही केलं, बाई," ती म्हणाली. "वय सांगतलं फक्त."

 देवकाबाईनं डबी मिटून ओच्याला खोसली आणि साकोली येईपर्यंत रत्नाबाईचा हात हातात धरून बसली. रत्नाबाईनं तो सोडवून घेतला नाही.