हॉलसाठी सोडलेल्या जागा

माझ्या चुलत भावाने बाबांच्या गाण्यातल्या थांबायच्या पंधरा जागा कापल्या आणि वर मला मेसेज केला, "ताई, टाइट करून दिलं." तो मेसेज मी अजून ठेवला आहे. राग ओसरतोय असं वाटलं की उघडून वाचते.

बाबा महूच्या विहारात गायचे. विहार म्हणजे फौजेतून निवृत्त झालेल्या माझ्या आजोबांच्या पिढीने स्वतः विटा उचलून बांधलेला एक मोठा हॉल. उंच स्लॅब, उघड्या भिंती, खाली फरशी. पडदा नाही, गालिचा नाही. तिथे कुणी खाकरलं तरी ते तीन-साडेतीन सेकंद घुमत राहतं. भाषण करणारे या हॉलवर वैतागतात, कारण एका शब्दावर दुसरा चढतो आणि कुणालाच काही कळत नाही. बाबांना मात्र हॉल समजला होता. ओळ म्हणायची आणि थांबायचं. हॉल ती ओळ परत म्हणणार, ती विरत जाणार, पूर्ण विरली की मग पुढची ओळ. थांबलेले असताना त्यांचं उजव्या हाताचं एक बोट वर असायचं. आमच्या इंदूरच्या सांवेर रोडवरच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं लेथवर काढली. दिवसभर त्या खडखडाटात कुणी कुणाचं ऐकत नाही, हॉल मात्र आपलं पूर्ण ऐकून घेतो, असं ते म्हणायचे. आत शिरल्याबरोबर एक टाळी वाजवायचे, ती घुमून संपेपर्यंत उभे राहायचे आणि मगच सतरंजीवर टेकायचे.

मागच्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला तीन आठवडे होते. बाबांनी घरी येऊन चहा घेतला आणि मला म्हणाले, "बेटा, माझं ते गीत भरून ठेव. हॉलमधलं." ते गीत त्यांनी स्वतःच रचलं होतं, सोळा ओळींचं, आणि दर बुद्धपौर्णिमेला ते गायचे. इतकी वर्षं मी इंदूरमध्ये साउंडचं काम करते, दुकानांच्या जाहिराती, लग्नाचे व्हिडिओ, भजनी मंडळांच्या कॅसेटी आणि पुढे सीड्या, सगळ्यांचे आवाज धुऊनपुसून दिले. माझ्या बापाचा आवाज भरायचं मात्र मला कधी सुचलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

अडचण अशी होती की त्यांचा आवाज फक्त सकाळी मोकळा व्हायचा, गरम पाण्याची वाफ घेतल्यावर, तोही जेमतेम वीस मिनिटं. महूला पोचेपर्यंत घसा पुन्हा बसायचा. म्हणून आम्ही घरीच भरलं. मधल्या खोलीत गाद्या उभ्या केल्या, पंखा बंद, आईला सांगितलं की कुकर लावू नकोस, आणि कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीतून निघून गेली की सुरू करायचं. चार सकाळी लागल्या. गाद्यांच्या खोलीत आवाज अगदी कोरडा येतो, भिंत काहीच परत देत नाही. तरी बाबा प्रत्येक ओळीनंतर थांबत होते, बोट वर करून. मी त्यांना थांबवलं नाही. म्हटलं, जागा नंतर बघू.

मग एका रविवारी आम्ही दोघं हॉलमध्ये गेलो आणि मी तिथे फुगे फोडले. आमच्या कामात ही एक रीत आहे. रिकाम्या हॉलमध्ये एक जोराचा आवाज करायचा, त्यावर हॉल जे उत्तर देतो ते भरून घ्यायचं. मग कॉम्प्युटरवर कुठलाही कोरडा आवाज त्या उत्तरामधून गाळून घेतला की तो त्याच हॉलमध्ये गायल्यासारखा घुमतो. बाबा खुर्चीवर बसून बघत होते. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बड्डे किसका है?" आणि स्वतःच हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टुडिओत त्यांचा आवाज त्या हॉलमध्ये टाकला. पहिली ओळ आली, घुमली, विरली, आणि विरल्याबरोबर दुसरी ओळ आली. तिसरी, चौथी, तशाच. सोळा ओळी झाल्या आणि मला एकही जागा सरकवावी लागली नाही. गाद्यांच्या खोलीत, डोळे मिटून, न ऐकता, या माणसाने हॉलचं विरणं अचूक मोजलं होतं. मी रडले. खुर्चीवर बसून रडले, सांगायला लाज नाही.

आता माझी चूक. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांना ते गाणं समाजाच्या ग्रुपवर गेलेलं बघायचं होतं. चुलत भाऊ आयटीत आहे, समाजाचं ऑनलाइन पेज तोच बघतो. त्याचे फोनवर फोन, "ताई, भेज ना यार, सगळे विचारून राहिले." मी ते मेसेजच्या ॲपवरून त्याला साध्या ऑडिओसारखं पाठवलं. मूळ फाइल तशीच्या तशी पाठवायची सोय असते, मला माहीत होती, गिऱ्हाइकांना मीच सांगते की असं पाठवू नका. आणि मीच पाठवलं, हॉस्पिटलच्या गडबडीत, एका अंगठ्याने.

असं पाठवलं की ॲप फाइल लहान करतं. लहान करायची म्हणजे आतलं काहीतरी फेकायचं. कुणाला न विचारता ते ठरवतं की मोठ्या आवाजाच्या पाठीमागे असलेलं बारीक काही माणसाला ऐकू येत नाही, म्हणून ते टाकून द्या. वरचे नाजूक सूर टाका, डाव्या-उजव्या कानातला फरक टाका. शब्द वाचतात, ते ठसठशीत असतात. पण हॉलचं घुमणं म्हणजे नेमकं तेच बारीक, पसरलेलं, विरत जाणारं. पहिला सुरा त्याच्यावरच चालतो. जे उरतं ते पाण्यात बुडबुडे आल्यासारखं वाजतं. भावाने त्याच्यावर फोटो लावून व्हिडिओ बनवला, पुन्हा लहान झालं. साइटवर चढवला, पुन्हा. कुणीतरी तिथून उतरवून पुढे पाठवला, पुन्हा. त्याच चहापत्तीवर चौथ्यांदा पाणी ओतल्यावर जे होतं ते झालं. ऑनलाइन जाणाऱ्या कामात मी एरवी घुमणं मुद्दाम आखूड आणि जरा मोठं ठेवते, म्हणजे काही तरी वाचतं. या वेळी ठेवलं नाही. बाबांनी सांगितलं होतं, हॉल आहे तेवढाच ठेव.

ऑपरेशन नीट झालं. त्या दिवसांत मी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांना घरी आणल्यावर आठवड्याने मी ते पेज उघडलं आणि गाणं लावलं. दीड मिनिटात संपलं! अडीच मिनिटांचं गाणं होतं ते. ओळीवर ओळ, ओळीवर ओळ, कुणीतरी मागे लागल्यासारखे बाबा धावत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली जुने शेरे होते, कापण्याच्या आधीचे. "काका ओळी विसरले वाटतं." "बीच बीच में अटक रहे हैं काकाजी, तबियत का असर है." मग भावाचं उत्तर, "नया वर्जन डाला है, अब देखिए." आणि त्याखाली टाळ्यांची चित्रं.

मी त्याच्या ऑफिसखाली गेले. तो पोह्यांच्या ठेल्यावर उभा होता, प्लेट हातात.

"तू जागा का कापल्यास?"

"ताई, बीचमध्ये सगळं खाली, रिकामं जात होतं ना. थोडी बुडबुड होती, ती पहले क्लीन केली. मग सायलेन्स काढायचं बटण असतं, ते दाबलं. दोन सेकंद काही नाही झालं तर लोक स्किप करतात."

"खाली नव्हतं ते. हॉल होता तिथे."

"पर ताई," त्याने शेव उचलता उचलता म्हटलं, "सुनाई तो कुछ नहीं दे रहा था."

मी त्याला भर रस्त्यात काय काय बोलले ते लिहीत नाही. ठेलेवाला म्हणाला, "दीदी, पानी पी लो." खरं सांगते, सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते त्याचं बरोबर होतं म्हणून. त्याला खरंच काही ऐकू येत नव्हतं. ऐकू येण्यासारखं मीच त्याला दिलं नव्हतं. पण फोन उचलून एकदा विचारायला काय झालं होतं? ज्या माणसाला तो लहानपणापासून हॉलमध्ये बोट वर करून थांबलेला बघत आला, तो माणूस विसरतोय असं याला वाटलं, आणि याने बटण दाबलं. बटण! व्हिडिओ काढून टाक म्हटलं, त्याने काढला. तोवर तो किती फोनांत गेला होता कुणास ठाऊक.

आमच्या घरीही गेला होता. शेजारच्या काकूंनी कौतुकाने बाबांना ऐकवला. मी पोचले तेव्हा बाबा खिडकीपाशी बसले होते, गळ्याला जाळीचं फडकं, मांडीवर वही. आता ते वहीत लिहूनच बोलतात. त्यांनी वही माझ्याकडे केली. लिहिलं होतं, "मी इतकी घाई करत होतो?"

मी म्हटलं नाही बाबा, मुळीच नाही, आणि तिथल्या तिथे लॅपटॉप काढून त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, मूळ गाणं लावलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मान हलवली. मग लिहिलं, "छान. हे तुझ्या मशीनने केलंस." मी फुगे, हॉल, सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, मी लहान असताना समजूत काढायचे तसं. त्यांच्या लेखी सगळ्यांनी ऐकलं ते गाणं खरं होतं, आणि माझं म्हणजे लेकीने बापासाठी केलेली रंगरंगोटी. आयुष्यभर आपण हॉल भरून गायलो, की नुसतेच लगबगीने ओळी उरकल्या, हे त्यांना आता स्वतः गाऊन बघता येणार नव्हतं. आई आत भाकरी थापत होती, तिने थापणं थांबवलं. मला त्या पेजचा, त्या ॲपचा, त्या बटणाचा आणि माझ्या अंगठ्याचा असा राग आला की मी गच्चीवर जाऊन वाळत घातलेले कपडे उगाच ओढून काढले.

मग सुचलं. इतकं साधं होतं की आणखी चिडले.

पुढच्या रविवारी मी स्टुडिओतला मोठा स्पीकर गाडीत घातला, बाबांना आणि आईला घेतलं आणि महूला गेले. विहारात रविवारच्या वंदनेला पंधरा-वीस माणसं होती. चुलत भाऊही होता, माझी नजर चुकवत. बाबांनी आत येताच एक टाळी वाजवली आणि ती संपेपर्यंत उभे राहिले. वंदना झाल्यावर, ते गायला जिथे उभे राहायचे त्या जागी मी स्पीकर ठेवला आणि लॅपटॉपवर गाद्यांच्या खोलीतलं कोरडं गाणं लावलं. त्यात मी काहीच घातलं नव्हतं, घुमणं नाही, फुगे नाहीत. ते बाबांना दाखवलं. पडद्यावर ओळीची लाट, मग सपाट रेघ, मग ओळ. त्यांनी सपाट रेघेवर बोट फिरवलं.

पहिली ओळ हॉलमध्ये गेली. थांबली. आणि खऱ्या भिंतींनी, खऱ्या स्लॅबने ती परत म्हटली, वर गेली, मागच्या दारापर्यंत गेली, विरत आली. विरली आणि दुसरी ओळ उठली. बाबांचं बोट वर गेलं. एका म्हाताऱ्या बाईने डोळे पुसले. कुणी हलत नव्हतं.

एकच माणूस हलला. चुलत भावाने खिशातून फोन काढला आणि गाणं भरायला वर धरला. मी त्याच्याकडे जायला उठले, आज त्याची खैर नव्हती. पण बाबा माझ्या आधी उठले. त्यांनी त्याचं मनगट धरून फोन खाली केला. चिडून नाही, कामाचा माणूस मशीन बंद करतो तसं. मनगट मात्र सोडलं नाही. ओळ संपली की ते मनगट घट्ट दाबायचे, हॉल घुमत असेपर्यंत दाबून ठेवायचे आणि पुढची ओळ आली की पकड सैल करायचे. पाचवी, सहावी, दहावी. सुरुवातीला भाऊ अवघडून इकडेतिकडे बघत होता. पुढे त्याने मान खाली घातली आणि त्याचे ओठ हलायला लागले. तो मोजत होता.

सोळावी ओळ आली आणि बाबांनी मनगट दाबलं. हॉलने तीही परत म्हटली, विरवली, संपवली. पुढची ओळ नव्हती. बाबा मनगट तसंच दाबून धरून उभे होते.