हातभर अंतर

"मॅडम, तुमची टेक्निक फेल आहे," पवारकाकांनी फोनवर निकालच दिला. "माझी पाठ वळली की नीरज परत गिऱ्हाइकाच्या अंगावर. शेठजी म्हणतात, एक और शिकायत आई तो छुट्टी."

नीरज त्यांचा मुलगा. विशीतला, ऑटिस्टिक. दालबाजारात मसाल्याच्या दुकानात ट्रायलवर लागलेला. पुड्या बांधण्यात एक नंबर. पण बोलताना समोरच्याच्या नाकाशी जाऊन उभा राहायचा. पहिलीच नोकरी, पोरगं नुसतं हरखून गेलं होतं. ती जाणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

मी त्याची थेरपिस्ट. त्याला सेल्फ-मॅनेजमेंट शिकवलं होतं. म्हणजे आपल्या वागण्यावर आपणच नजर ठेवायची. गिऱ्हाईक गेलं की नीरजने स्वतःला विचारायचं, हातभर अंतर ठेवलं का? ठेवलं असेल तर डाव्या मनगटावरचं एक रबरबँड उजव्या मनगटावर. सगळी तिकडे गेली की दारात उभं राहून थोडा वेळ गाड्यांचे नंबर वाचायचे. हा त्याचा सगळ्यात मोठा आनंद. त्याचं आणि माझं उत्तर जुळायला लागेपर्यंत क्लिनिकमध्ये सराव घेतला होता.

दुकानात जाऊन बघते तर काय! काका स्टुलावर ठाण मांडून बसलेले आणि सगळी रबरबँड त्यांच्याच मनगटावर.

"नीरज! अंतर!" काका कडाडले. नीरज दचकून मागे.

"काका, ही तुमच्या हातात कशी?"

"तो खोटं सरकवेल ना! आणि आमच्या घरात हुकूम चालतो, मॅडम. पणजोबा पलटणीत होते."

"मग काय, याने मसाल्याच्या दुकानात परेड करायची? द्या ती इकडे. आणि चहा पिऊन या."

काका फणफणत गेले. मी सगळी रबरबँड नीरजच्या डाव्या मनगटावर चढवली. पहिल्याच गिऱ्हाइकाला नीरज जवळजवळ चिकटला. ते गेल्यावर मनगटाकडे बघून म्हणाला, "नाही जमलं." रबरबँड जागच्या जागी. खोटं सरकवेल म्हणे! पुढच्या बाईंशी बोलताना मात्र स्वतःच एक पाऊल मागे सरला. मग ऐटीत एक रबरबँड उजवीकडे.

काकांना कुठला दम निघतोय? चहा अर्धा टाकून आले आणि नीरजच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. नीरज वळला. हात लांब करून त्यांच्या छातीला टेकवला.

"बाबा, हातभर."

शेठजी गल्ल्यावर खो खो हसले. "सही बोला! पवारसाब, अब आप घर जाइए. ये यहीं रहेगा."

नीरज कायम झाला. काकांना घरी बसवण्याचं ट्रेनिंग अजून चालू आहे.