नंदकुमारांचा मेजर

मुलुंडला आमच्या शेजारी नंदकुमार राहायचे. विमा कंपनीत हेडक्लार्क, पण चालायचे असे की अख्खी कंपनी यांच्याच खांद्यावर उभी आहे. घरात आवाज फक्त त्यांचा. बायको वसुधा ‘अहो’च्या पुढे फारशी जात नसे. आठ वर्षांची क्षमा जिन्यात वडिलांच्या चपला वाजल्या की खेळ आवरून पुस्तक उघडायची. तरी मार चुकायचा नाही. भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं.

त्र्याऐंशी साली त्यांनी एक अल्सेशियनचं पिल्लू आणलं. अल्सेशियन हे त्यांचं म्हणणं, कान तर पुढेही कधी उभे राहिले नाहीत. नाव ठेवलं मेजर. स्वतः कारकून असलेला माणूस कुत्र्याला तरी हुद्दा देतो. त्याचं खाणंपिणं, फिरवणं मायलेकींकडे. नंदकुमारांकडे फक्त खेळ दाखवण्याचं काम.

मेजर मोठा झाल्यावर तो खेळ सुरू झाला. रविवारी पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बशा असतानाच क्षमाला मधोमध उभं करायचं आणि पाहुण्याला सांगायचं, हिच्यावर हात उगारा. हात वर गेला की मेजर आडवा येऊन दात दाखवायचा. नंदकुमार त्याला बिस्किट टाकायचे आणि म्हणायचे, “माझ्या पोरीला हात लावायची कुणाची टाप आहे?” मलाही एकदा उगारायला लावला. पोर डोळे घट्ट मिटून उभी होती. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या माणसाची किळस.

सहामाहीत क्षमा गणितात नापास झाली. नंदकुमारांनी पट्टी उचलली, हात उगारला आणि मेजरने त्याला शिकवलेलं काम चोख केलं. त्याने मनगटच धरलं. या वेळी बिस्किट मिळालं नाही.

कुत्रा पिसाळलाय, म्युनिसिपालिटीची गाडी बोलावतो, असं नंदकुमार जिन्यात ओरडत सुटले. क्षमा मेजरच्या गळ्याला मिठी मारून बसली. नाक्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पिसाळला असेल तर पोटात चौदा इंजेक्शनं. नसेल तर त्याला दहा दिवस घरातच ठेवून लक्ष द्या, धडधाकट राहिला तर काळजी नाही. घरी पोचेपर्यंत मेजर एकदम शहाणा कुत्रा झाला होता. रोज सकाळी साहेब लांबूनच त्याच्यापुढे दूध सरकवायचे आणि प्यायला का म्हणून दहादा विचारायचे. मी भिंतीआड पोट धरून हसले.

ते हसू टिकलं नाही. दहा दिवस सरले आणि या शूर माणसाने नवी युक्ती काढली. मारायचं असलं की आधी मेजरला गॅलरीत साखळीने बांधायचं. साखळी खुळखुळली की क्षमा भिंतीला पाठ लावून उभी राहते, असं वसुधाने मला मान खाली घालून सांगितलं. मला तिचाही राग आला. नुसतं सांगतेस काय, असं मी तिला तोंडावर म्हटलं.

एका संध्याकाळी पलीकडे आरडाओरडा झाला. मी त्यांच्या दारात गेले. खिळ्यावर साखळी नव्हती आणि नंदकुमार ती शोधत घर डोक्यावर घेत होते. कोपऱ्यात क्षमा, तिच्यापुढे मेजर, मोकळा. वसुधा पोळ्या लाटत होती.

“भंगारवाल्याला दिली,” ती लाटणं न थांबवता म्हणाली. “आता उगारा हात.”

नंदकुमारांनी मेजरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पेपर उचलला आणि गॅलरीत जाऊन बसले.